दीडपट भाव, पण खर्च कोणत्या शिवाराचा?



देश केवढा आणि किती तऱ्हेचा, हे बघायला भारतभर फिरायला नको. आमचा खेड तालुका बघा. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात, भोरगिरीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे भात आणि नाचणी. एसटीने वाडा, चास ओलांडून राजगुरुनगरला उतरलात की पाऊस सहा-सातशेवर आलेला. चाकणच्या माळावर ज्वारी, बाजरी, कांदा, बटाटा. (आता पिकांपेक्षा कारखान्यांच्या भिंतीच जास्त दिसतात, तो विषय वेगळा.) तालुका एक, तहसीलदार एक. डोंगरात उगवलेली हीच भीमा पुढे पंढरपूर, मंगळवेढ्याकडे जाते, तेव्हा तिथल्या काळ्या रानात पावसाळा सरता सरता ज्वारी पेरतात आणि ती जमिनीतल्या ओलीवरच पदरात पडते.

एका नदीच्या काठी एवढे फरक, मग देशाचे काय? सरकारला हे ठाऊक नाही असे समजू नका. नियोजन मंडळाने देशाचे १५ कृषी-हवामान विभाग पाडले. शेती संशोधनवाल्यांनी आणखी बारीक, १२७ विभाग केले. एकट्या महाराष्ट्राचे ९ आहेत. कोणते वाण लावा, किती अंतरावर लावा, कधी पेरा, हे सांगताना हे सगळे नकाशे बाहेर निघतात. पैसे द्यायची वेळ आली की त्यांची गुंडाळी होऊन कपाटात जाते.

अतिवृष्टीचेच बघा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर महसूल मंडळात अतिवृष्टी झाली म्हणायचे. भोरगिरीला आषाढात एवढा पाऊस नित्याचा, तिथे त्याचे कौतुक नाही. पण यवतमाळकडे बोंडे फुटली असताना ऑक्टोबरात नुसता चाळीस मिलिमीटर पडला तरी वेचणीचा कापूस मातीमोल होतो. तो चाळीस काही अतिवृष्टीत बसत नाही. त्यातून मापक मंडळाच्या गावी. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि मापकाला तो दिसला नाही, तर तो पडलाच नाही.

आता हमीभाव. २०१८-१९च्या अर्थसंकल्पापासून उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव, हे आपण ऐकत आलो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि भाव ७,७१० काढला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, भाव ३,६९९. गणित बरोबर आहे, दीडपटच आहे. पण हा ५,१४० कोणाचा? तो सगळ्या देशाची सरासरी आहे. पंजाब-हरियाणातला कालव्याच्या पाण्यावरचा कापूस आणि आपला आभाळाकडे बघणारा कापूस एकाच तराजूत घालून काढलेली. देशात कापसाखाली सर्वांत जास्त जमीन महाराष्ट्राची, आणि त्यातली बहुतेक कोरडवाहू. आपली हेक्टरी रुई देशाच्या सरासरीहून कमी. एकरी खर्च तेवढाच आणि माल कमी, तर क्विंटलचा खर्च वाढणारच. मग दीडपट राहते कुठे?

कोणी म्हणेल, जिनिंगवर गाठ सारखीच, मग विदर्भाच्या कापसाला वेगळा भाव कसा मागता? रास्त आहे. मीही मागत नाही. एका मालाला गावोगाव वेगळे भाव बांधले तर दलालांचे फावेल. माझे म्हणणे एवढेच की सरासरीच्या दीडपट भावाला 'तुमच्या खर्चाच्या दीडपट' म्हणू नका. विभागवार खर्चाचे आकडे त्याच घोषणेत शेजारी छापा, म्हणजे कोण कितीने बुडाले ते सगळ्यांना दिसेल. आणि पावसाचे निकष तरी पीक आणि विभाग बघून ठरवा. नकाशे तुमच्याकडे तयार आहेत.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गेल्या हंगामाचा हिशेब आणावा: बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणीची मजुरी, घरच्या माणसांचे दिवस आणि निघालेले क्विंटल. जमीन हलकी की भारी, आणि पाऊस किती दिवस उघडला होता, हेही लिहून आणावे.