उधारीची मर्यादा आणि देण्याची शिस्त

दुकानात गिऱ्हाईकांची दाटी आहे, वहीत नफा दिसतो आहे, आणि तरीही महिनाअखेर बँकेचा हप्ता भरण्यास हाती रक्कम नाही, ही अवस्था आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. तिचे कारण बहुधा उधारी हेच असते. नव्याने धंद्यात पडणाऱ्या तरुणांस भांडवल कोठून उभारावे व जाहिरात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उधारी कोणास, किती आणि किती मुदतीची द्यावी हे सांगणारे क्वचितच भेटतात. म्हणून त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या सीमाभागाचा व्यापार हंगामावर चालतो. निपाणी-चिकोडीकडील शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागतो तो तंबाखू विकल्यावर व उसाचे बिल मिळाल्यावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने त्याची किंमत द्यावी, आणि विलंब झाल्यास दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे व्याज द्यावे, असा नियम आहे. ती रक्कम लांबली की खेड्यातील किराणा दुकानदाराची वसुली लांबते; त्याची लांबली की बेळगावच्या रविवार पेठेतील घाऊक व्यापाऱ्याचे येणे थकते; आणि त्याचे थकले की माल तयार करणारा कारखानदार तिष्ठत बसतो. हंगाम आपल्या हाती नाही. उधारीची मुदत आणि मर्यादा मात्र आपल्या हाती आहे.

उधारी मुळीच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. शेजारचा दुकानदार देतो आणि आपण न दिल्यास गिऱ्हाईक कागल-गडहिंग्लजचा रस्ता धरील, ही भीती खोटी नाही. परंतु हिशेब पाहावा. शंभर रुपयांच्या विक्रीवर पाच रुपये निव्वळ सुटत असतील, तर दहा हजार रुपयांची एक उधारी बुडाल्यावर ती भरून काढण्यास दोन लाख रुपयांचा माल विकावा लागतो. त्यात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. सर्वसाधारण पद्धतीने कर भरणाऱ्या व्यापाऱ्यास बिल केले की कर भरावा लागतो, मग गिऱ्हाईकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. अर्थात उधार विक्रीत माल आपला जातो आणि करही आपल्याच पदरचा जातो.

यास्तव पहिला माल उधार देण्यापूर्वीच प्रत्येक गिऱ्हाईकाची मर्यादा ठरवावी, ती वहीत लिहावी आणि त्यासही सांगावी. बिलावर पैसे देण्याची तारीख घालावी. मागील बाकी चुकती झाल्याखेरीज पुढील माल न देण्याचा नियम स्नेह्यासोबत्यांसही लावावा. भिडेपोटी मोडलेला नियम पुन्हा उभा करणे कठीण असते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यान्वये तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य करून सही केल्यास तेथून नवी मुदत सुरू होते. केवळ आपल्या वहीतील नोंद दुसऱ्यावर देणे लादण्यास पुरेशी नाही, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही आहे. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक खात्याची बाकी लिहून तिच्यावर सही घेण्याचा परिपाठ ठेवावा. सही मागण्यात अविश्वास नाही. दोघांच्या स्मरणशक्तीवरील भार तेवढा हलका होतो.

ही झाली येण्याची बाजू. देण्याच्या बाजूकडे पाहताना मात्र आपली दृष्टी पालटते. दुसऱ्याचे पैसे जितके दिवस अडकवावे तितके व्यापारी चातुर्य, अशी एक समजूत बाजारात रूढ आहे, आणि ती आम्हांस सर्वथा घातक वाटते. उद्यमबागेतील लहान ओतशाळा किंवा वडगावचा यंत्रमागधारक नोंदणीकृत सूक्ष्म अथवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी अधिकात अधिक ४५ दिवसांत त्याचे पैसे दिले पाहिजेत. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. २०२३ च्या दुरुस्तीमुळे असे मुदतीबाहेर गेलेले देणे आयकराच्या हिशेबात प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च म्हणून धरले जाते. याउलट, २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांस उद्यम नोंदणी खुली झाली असली, तरी तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच आहे. विलंबित येण्याचे हे संरक्षण त्यांस नाही. व्यापाऱ्याचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या शिस्तीतच आहे.

या शिस्तीचा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि एप्रिलमधील गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. मुख्य मागणी भावाची होती. पण वजनातील कटती आणि हप्त्याहप्त्याने, उशिरा हाती पडणारा पैसा यांचा सलही त्यामागे होता. तो इतिहास व्यापारी वर्गाने विसरणे बरे नव्हे. आपल्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कष्टकऱ्याचे देय पैसे मुदतीपलीकडे आपल्या गल्ल्यात ठेवणे त्यापासून फारसे दूर नाही, असे आम्हांस वाटते.

संघास आमची सूचना इतकीच की बाकी-मान्यतेचा एक सोपा नमुना मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत छापून सर्व सभासदांस द्यावा, आणि सभासदांतील येण्यादेण्याचे तंटे न्यायालयात जाण्यापूर्वी दोन वडीलधाऱ्या सभासदांनी ऐकून घ्यावेत. आणि सभासद बंधूंस विनंती ही की येत्या दिवाळीस नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी जुन्या वहीतील देण्याचे पान आधी उघडावे. लहानांत लहान रकमेपासून आरंभ करून मुदत उलटलेली देणी त्या आठवड्यात चुकती करावीत, आणि मगच वसुलीस बाहेर पडावे.