मोठ्या माशासाठीं गळाची काठी

मुलास एखादा छंद लागला म्हणजे घरांतील वडील मंडळी प्रथम त्याचा उपयोग विचारतात, मागाहून खर्च विचारतात, आणि धोका बहुधा विचारावयाचा राहूनच जातो. गळानें मासे धरण्याच्या छंदाविषयीं आम्ही आज लिहीत आहों, तें हा क्रम थोडा बदलावा म्हणून. रत्नागिरीसारख्या गांवीं, जेथें एकीकडे मिऱ्याचा समुद्र व दुसरीकडे भाट्याची खाडी पसरली आहे, तेथें हा छंद आतां कोळीवाड्यापुरता उरलेला नाहीं. नोकरदार तरुणही सुटीच्या दिवशीं काठी घेऊन निघतात. धरलेला मासा स्वयंपाकघरांत येतो कीं पाण्यांत परत जातो, हा ज्या त्या घरच्या आचाराचा प्रश्न आहे. आम्हांस त्यांत पडावयाचें नाहीं. परंतु काठी कोणती घ्यावी या प्रश्नांत मुलाचें क्षेम आणि माशाचें जीवित या दोहोंचाही संबंध येतो. म्हणून तो वडिलांनींही समजून घेण्याजोगा आहे.

कोंकणांतील जुनी रीत गरवण्याची. गरीला कोळंबी लावून ती पाण्यांत सोडावयाची व मासा येण्याची वाट पाहावयाची. त्यास तंगुसाची गुंडाळी पुरते. काठीवांचून अडत नाहीं. नवी रीत निराळी आहे. तींत लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा दूर फेंकून रिळानें परत ओढावयाचा, आणि असें तासन् तास करीत राहावयाचें. तो खोटा मासा जिवंत माशाप्रमाणें पळूं लागला म्हणजे जिताडा, तांबोशी, कोकर यांसारखे शिकारी मासे त्यावर तुटून पडतात. येथें काठीस दोन कामें करावयाचीं असतात : फेंकण्याचें व झुंजण्याचें. पैकीं पहिलें हजार वेळां घडतें, तर दुसरें क्वचित् एकदां.

कोकराच्या कुळांतील सर्वांत थोर जातीचा एक मासा २००६ सालीं जपानच्या दक्षिणेकडील बेटांजवळ गळास लागला. त्याचें वजन ७२ किलोंहून अधिक भरलें. तसा मासा आपल्या किनाऱ्यावर नित्य भेटत नाहीं. परंतु तसल्या वार्ता वाचून त्याच मापाची काठी मागविणारे मात्र पुष्कळ भेटतात. म्हणून पहिला नियम हा, कीं काठी स्वप्नांतील माशाच्या मापानें घेऊं नये. फेंकावयाच्या वजनाच्या मापानें घ्यावी. तें वजन ग्रॅममध्यें मुठीजवळ काठीवरच लिहिलेलें असतें. खाडींत जिताड्यासाठीं २० ते ४० ग्रॅम फेंकणारी सुमारें सात फुटी काठी पुरते. खडकावरून लाटांपलीकडे फेंकावयाचें तर आठ ते नऊ फुटांची, ४० ते ८० ग्रॅम पेलणारी काठी हवी. शंभर ग्रॅमांच्या वरची काठी होडींतून खोल पाण्यावर जाणाऱ्यासच शोभते. तिनें हलकें आमिष दूर जात नाहीं, आणि दोन तासांत खांदा मात्र भरून येतो.

दुसरा नियम तरफेचा आहे. काठी ही मासा उचलणारी तरफ आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती माशाच्या हातांतील तरफ आहे! बुडखा कमरेस टेंकलेला, पुढचा हात त्यापासून अर्धा मीटर अंतरावर, आणि वांकलेल्या काठीवरील ओढीची रेषा कमरेपासून दीड मीटर दूर, असें धरा. मासा ४ किलोंनीं ओढूं लागला तर हातावर १२ किलोंचा भार येतो. काठी अधिक ताठ असून तेंच अंतर दोन मीटर राहिलें तर भार १६ किलो होतो. म्हणून शेंडा फेंकीपुरता लवचीक, आणि ओढ वाढेल तसतसा वांक बुडख्याकडे उतरणारा, अशी काठी पाहावी. रिळाची पकड दोरीच्या बळाच्या चतुर्थांश ते तृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे; १५ किलोंच्या दोरीस ४ ते ५ किलो. दुकानांतच दोरी कड्यांतून ओवून वजनकाट्यास बांधावी व तेवढी ओढ पांच मिनिटें धरून पाहावी. जी धरवत नाहीं, ती काठी आपली नव्हे.

काचतंतूची काठी जड पण सोशिक. कर्बतंतूची हलकी व चपळ, पण खडकावर आपटली तर तिला न दिसणारी चीर पडते, आणि ती ऐन ओढीच्या वेळीं दगा देते. झुंजींत काठी डोक्यावर उभी धरूं नये; सारा भार शेंड्यावर येऊन ती मोडते. कड्या खाऱ्या हवेंत टिकणाऱ्या असाव्यात, आणि घरीं येतांच काठी व रीळ गोड्या पाण्यानें धुवावें.

इतकी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी म्हणेल. तर जिताड्याचेंच उदाहरण घ्या. हा मासा बहुधा प्रथम नर म्हणून वाढतो व पुढें मोठा झाल्यावर मादी होतो. अर्थात् सर्वांत मोठा जिताडा म्हणजे बहुधा पुढील पिढीची माता. दुबळ्या काठीनें तिला दीर्घकाळ झुंजविलें, तर सोडून दिल्यावरही ती थकव्यानें मरूं शकते. आणि दोरी तुटली, तर तोंडांत गरी घेऊन हिंडते. योग्य काठी ती, जी मासा लवकर हातीं आणून तितक्याच लवकर परत जाऊं देते.

आतां धोक्याविषयीं. कर्बतंतूंतून वीज वाहते. म्हणून विजेच्या तारांखालीं काठी उंचावूं नये, आणि वळवाचे ढग गडगडूं लागतांच ती खालीं ठेवून किनारा सोडावा. खडकावर एकट्यानें जाऊं नये. कोरडा दिसणारा खडक सुरक्षित असतोच असें नाहीं. दहा लहान लाटांमागून एक मोठी येते. पावसाळ्यांत तर त्या खडकांकडे फिरकूंच नये. वडील मंडळींनीं काठीस पैसे देतांना पोहण्याचें जाकीट व चांगल्या पकडीचे जोडे यांची किंमत तींतच धरावी. आणि एवढ्या रकमेंत काठी बसत नसेल, तर काठी स्वस्त घ्यावी, जाकीट नव्हे.