डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...

'थेरपिस्टकडे जातेय' म्हटलं की हल्ली ऑफिसात कुणी भुवया उंचावत नाही. छानच! पण डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे बेडरूममध्ये काय होतंय, यावर मात्र सगळे चिडीचूप.

माझी एक मैत्रीण. माहेर परभणीजवळचं पिंगळी, नोकरी पुण्यात. रजा काढून माहेरी गेली होती, तेव्हा परभणीत उपचार सुरू झाले. एसिटालोप्राममुळे झोप लागली, रडू थांबलं. इच्छा मात्र गायब! नवऱ्याला वाटलं, हिचं प्रेमच आटलं. शेवटी बाईसाहेबांनी गोळ्या एकदम बंद केल्या. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"अगं, आई बाजूच्या खुर्चीत बसलेली असते. तिच्यासमोर काय बोलू?"

खरंय. १९२७ साली सुरू झालेल्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचक असले प्रश्न पत्रातून विचारायचे. शंभर वर्षं होत आली, आपण अजून लाजतोय!

तर मैत्रिणींनो, सेरोटोनिन वाढवणाऱ्या या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, कोरडेपणा, ऑर्गॅझम उशिरा येणं किंवा न येणं हे सर्रास घडतं. डिप्रेशननेही इच्छा मरते. म्हणून त्रास गोळीच्या आधी होता की नंतर सुरू झाला, ते डॉक्टरांना नक्की सांगा. उपाय आहेत. डोस कमी करणं, थोडं थांबून पाहणं किंवा औषध बदलणं. ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिनमध्ये हा त्रास सहसा कमी असतो. काहींना गोळी बंद झाल्यावरही तो राहतो. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. म्हणजे विचारण्यात चोंबडेपणा काहीच नाही. फक्त गोळी मनाने सोडू नका.

तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहा. 'दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय' असं सरळ सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय. आणि आधी फोनवर बोलून पाहायचं असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

मैत्रिणीने मोबाइलवर एक ओळ टाइप करून स्क्रीन डॉक्टरांसमोर धरली. त्यांनी वाचलं, आईला बाहेर थांबायला सांगितलं आणि विचारलं, "कधीपासून?" औषध बदललंय. फरक पडायला वेळ लागेल म्हणे. नवऱ्याला मात्र आता खरं कारण कळलंय.