आधी पंखा बंद करा!

हॉस्टेलच्या आयुष्यात तीन खुळं प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी शिरतात. जिम लावायची, पहाटे उठून अभ्यास करायचा आणि स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं. पहिली दोन आठवडाभरात आपोआप बरी होतात. तिसरं मात्र खिशाला लागतं.

आमच्या रूम पार्टनरला ते सेकंड इयरला लागलं. वाढदिवसाचे पैसे, मेसचं परत आलेलं डिपॉझिट आणि आम्हा दोघांकडून घेतलेली उधारी (अजून बाकी आहे, नोंद घ्यावी) असं सगळं मिळून त्याने एक मोठा कंडेन्सर माइक, स्टँड आणि ऑडिओ इंटरफेस आणला. मेसच्या काकांकडून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून भिंतीवर चिकटवले. रेक्टर सर राउंडला आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पोल्ट्री काढताय का?"

रात्री अकराला पहिलं रेकॉर्डिंग झालं. ऐकलं. पंख्याची घरघर स्पष्ट होती. बाथरूममध्ये कोणीतरी बादली भरत होतं, तीही स्पष्ट होती. शेजारच्या रूममध्ये पडलेली विकेट तर फारच सुंदर आली होती. या सगळ्याच्या मागे, लांबवर कुठेतरी, आमचा पार्टनर गात होता.

आम्ही हसलो. पण नंतर विचार केला की चूक कुठे झाली? पोरगा बेसूर नव्हता, माइकही खराब नव्हता. चूक क्रमात होती. आपण इंजिनियरिंगची मुलं. प्रॉब्लेम स्टेटमेंट न वाचता कंपोनंट विकत आणायचे नाहीत हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरपासून सांगतात. गाण्याचा विषय निघाला की आपण नेमकं तेच करतो.

आता माझं मत सरळ सांगतो. घरी (म्हणजे रूमवर) संगीत करायचं असेल तर खरेदीचा क्रम असा असावा: आधी खोली, मग कान, मग माइक, मग इंटरफेस आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअरचे पैसे. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो.

खोलीपासून सुरू करू. कंडेन्सर माइक वाईट नसतो. त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्ट लागतात आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. शांत खोलीत हा गुण आहे, हॉस्टेलमध्ये दुर्गुण. आपल्यासारख्यांना साधा डायनॅमिक माइक बरा, जो स्टेजवर निवेदकाच्या हातात असतो तसा. तो तोंडाजवळचं ऐकतो आणि लांबच्याकडे बरंचसं दुर्लक्ष करतो. शिवाय एक गोष्ट तर फुकट आहे. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटीमीटरवरून १५ वर आलात तर १२ डेसिबल! खोलीचा घुमारा आणि पंखा मात्र जिथल्या तिथेच राहतात. बाजारात यापेक्षा स्वस्त सुधारणा मिळत नाही. आणि हो, आधी पंखा बंद करा.

अंड्यांच्या ट्रेबद्दल. कागदाचा हलका ट्रे बाहेरचा आवाज अडवू शकत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, घट्ट बसणारं दार. आतला घुमारा मारायला जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. ती आपल्याकडे आहे: गादी, रजई आणि आईने दिलेली गोधडी. पाठीमागे गादी उभी करा, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा. कपडे धुतलेले असले तर उत्तम, पण ध्वनिशास्त्राची तशी अट नाही.

मग कान. आपण काय रेकॉर्ड केलंय ते नीट ऐकू आलं नाही तर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे. म्हणून पहिले पैसे एका बऱ्या हेडफोनवर घाला, आणि तो वायरचा हवा. ब्लूटूथचा आवाज कानात पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. त्यावर ताल धरून गायला गेलात तर तुम्ही समेवर याल तेव्हा ठेका पुढे निघून गेलेला असेल.

हा उशीर, म्हणजे लेटन्सी, समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ सॅम्पलचा ठेवला आणि सॅम्पल रेट ४४,१०० असला तर भागाकार करा: सुमारे २३ मिलिसेकंद. आत जाताना तेवढे, बाहेर येताना तेवढे, झाले ४६. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तुमचा तबलजी तुमच्यापासून जवळजवळ १६ मीटर लांब, कॉरिडॉरच्या पार टोकाला बसलाय. बफर १२८ वर आणा, तो दोन मीटरवर येऊन बसतो, बैठकीत बसतो तसा. इंटरफेसचा खरा उपयोग इथे आहे. त्याचा ड्रायव्हर लहान बफरवर न अडखळता चालतो. त्यासाठी दोन इनपुटचा साधा इंटरफेस पुरतो. खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि नायक्विस्ट साहेबांनी सांगितलेल्या हिशोबात ४४.१ पुरतो. सीडी १९८२ पासून त्यावरच चालली. २४ बिट मात्र जरूर ठेवा, म्हणजे आवाज जरा कमी पातळीवर घेतला तरी चालतं.

रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हूंऽऽ' येतंय? मग इंटरफेस बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बऱ्याचदा तो आपल्या वायरिंगमधून आलेला ५० हर्ट्झचा पाहुणा असतो. बॅटरीवर रेकॉर्ड केलं की निघून जातो. (इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी यावर व्हायवा घेऊ नये.)

आता सॉफ्टवेअर, म्हणजे जिथे सगळी भांडणं होतात ते. 'एफएल घेऊ का एबलटन का क्युबेस?' यावर मेसमध्ये ताट थंड होईपर्यंत वाद चालतात. आणि वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे यातलं जे आहे ते क्रॅक केलेलं आहे. हे बोलायला वाईट वाटतं, पण बोलायलाच हवं.

आमच्याच विंगमधली गोष्ट. फायनल इयरच्या एकाने चाळीस हजारांचं सॉफ्टवेअर 'फुकट' उतरवलं. अँटीव्हायरस बंद करा असं त्या फाइलीसोबत लिहिलेलं होतं, याने आज्ञाधारकपणे केला. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवरची प्रत्येक फाइल कुलूपबंद, आणि किल्लीसाठी पैसे मागणारी एक नोटीस. प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात होता. सबमिशनला नऊ दिवस होते. पेनड्राइव्हवर जुना ड्राफ्ट सापडला म्हणून निभावलं, पण त्याने केलेली दोन गाणी गेली ती गेलीच.

नुकसान बाजूला ठेवा. आपल्यातले निम्मे लोक उद्या सॉफ्टवेअर लिहून पोट भरणार आहेत. दुसऱ्याच्या कोडचे पैसे द्यायचे नाहीत आणि स्वतःच्या कोडचं पॅकेज मात्र चांगलं हवं, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? 'परवडत नाही' हे कारण पूर्वी खरं असेल, आज ते टिकत नाही. ऑडॅसिटी २००० सालापासून मोफत आहे. नुसता आवाज घ्यायला आणि कापायला ती भरपूर झाली. बीट्स करायचे असतील तर एलएमएमएस मोफत. लिनक्सवाल्यांसाठी आर्डर आहे, त्याचा सोर्सही खुला आहे, म्हणजे अभ्यास म्हणूनही उघडता येतो. मॅक असेल तर गॅरेजबँड आलेलंच असतं. आणि माझी आवड विचाराल तर रीपर. जस्टिन फ्रँकेल यांनी आधी विनॲम्प केलं (आपल्या सीनियर्सना आणि काही सरांना डोळ्यांत पाणी आणणारं नाव!) आणि मग रीपर, ज्याची १.० आवृत्ती २००६ साली आली. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. जुन्या लॅपटॉपवरही चालतं. एफएल स्टुडिओच आवडत असेल तर ट्रायल वापरा, फक्त एक लक्षात ठेवा: ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. त्यामुळे एका बैठकीत गाणं संपवायची चांगली सवय लागते!

सॉफ्टवेअर निवडताना आपल्यासाठी आणखी एक प्रश्न असतो, जो परदेशी व्हिडिओवाले सांगत नाहीत. १९८३ साली आलेली मिडी पद्धत आणि तिच्यावरचे कीबोर्ड मुळात बारा समान भागांच्या सप्तकाचे. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. कानाला हा फरक कळतो. ऑटो-ट्यून १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड या इंजिनियरने आणलं. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करणारा हा माणूस, त्याचं गणित इथे कामी आलं. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण तेच प्लगइन डोळे मिटून मराठी भावगीतावर लावलं की मींड म्हणजे त्याला चूक वाटते आणि तो ती सरळ करून टाकतो. यंत्राचा दोष नाही, आपण त्याला सांगितलंच नाही. म्हणून म्हणतो, आधी आपल्याला काय करायचंय ते ठरवा. रॅप करणाऱ्याची गरज वेगळी, तबला-डग्गा घेणाऱ्याची वेगळी, भजन करणाऱ्याची वेगळी.

कोणी म्हणेल, "अरे पण बिली आयलिशने बेडरूममध्ये रेकॉर्ड करून २०२० साली ग्रॅमी घेतली!" घेतली ना. भाऊ फिनियसच्या खोलीत ते काम झालं हे खरं. पण त्या अल्बमचं मिक्सिंग रॉब किनेल्स्की या व्यावसायिक माणसाने केलं हेही खरं. दुसऱ्या बाजूला स्टीव्ह लेसीने केंड्रिक लमारच्या २०१७ मधल्या 'प्राइड' या गाण्यासाठी आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये काम केलं. दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच: खोली आणि यंत्र बघून कोणी गाणं ऐकत नाही. आपल्या देशातली सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज आठवा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या त्या हॉटेलच्या खोलीत, माइक नावाची गोष्टच नव्हती, समोर एक भोंगा होता.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का सांगतोय, तर याचं कारण घरचं आहे. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं केव्हाच माळ्यावर गेलं होतं, पण दळण निवडताना, भांडी घासताना म्हणायची. फर्स्ट इयरच्या दिवाळीत ठरवलं की हे रेकॉर्ड करायचं. पण फोनवर नको, चांगला माइक घेऊन करू. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "तुझं यंतर आलं की सांग." सेकंड इयरला पैसे जमले नाहीत. पार्टनरचा माइक आला तेव्हा तो मे महिन्याच्या सुट्टीत घरी न्यायचं ठरलं. आजी मार्चमध्येच गेली. माझ्या फोनमध्ये तिचे दोन डझन फोटो आहेत. आवाज म्हणाल तर सात सेकंदांचा आहे, आणि त्यात ती "जेवलास का" एवढंच विचारते.

नंतर कळलं की हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी रेकॉर्डही झाल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या गावात, ध्वनिरोधक खोलीत नव्हे. मागे कोंबडा आरवला तर आरवला. तो आज त्या रेकॉर्डिंगचा भाग आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली सर-मॅडम आणि रेक्टर सरांकडे. हॉस्टेलमध्ये आज पाच-सहा जणांकडे असे माइक धूळ खात पडलेत आणि ज्यांच्या गळ्यात खरं गाणं आहे त्यातल्या अनेकांकडे काहीच नाही. त्याऐवजी एक सामाईक संच असू द्या: एक इंटरफेस, दोन डायनॅमिक माइक, दोन हेडफोन, एक रीतसर लायसन्स, आणि कॉमन रूमच्या मागची ती अडगळीची खोली. तीत जुन्या गाद्या आहेतच! हिशोब तीस-पस्तीस हजारांच्या आत बसतो. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या साउंड आणि लाइटच्या बिलाशी ताडून बघा. वही ठेवू, सही करून वेळ घेऊ, रात्री दहानंतर बंद करू. शिस्तीची जबाबदारी आमची.

दुसरी मागणी तुमच्याकडे. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा काहीही विकत घेऊ नका. घरात कोणी गात असेल, गात नसलं तरी नुसत्या गोष्टी सांगत असेल, तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, उशीवर ठेवा, एक हात अंतरावर बसा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. फोन पुरेसा आहे.

फक्त त्याआधी पंखा बंद करा.

– एक हॉस्टेलाइट, तृतीय वर्ष (अणुविद्युत व दूरसंचार)