‘जुन्या वेली’ : लागवडीचं साल सांगा, मग किंमत



बर्गंडीच्या बाटलीवर ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे ‘जुन्या वेली’ असं छापलेलं दिसलं की दुकानदाराचा आवाज खाली येतो आणि किंमत वर जाते. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या वेलींची वाइन जरूर प्यावी, पण नुसत्या त्या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

कारण साधं आहे. फ्रान्समध्ये या शब्दांना कायदेशीर व्याख्याच नाही. एकाची ‘जुनी’ वेल ३० वर्षांची, दुसऱ्याची ८० वर्षांची, लेबल मात्र तेच! असल्या स्पेसिफिकेशनवर आपल्यापैकी कोणी सही करेल का?

शिस्त पाळणारेही आहेत. काँत जॉर्ज द व्होग्युए हे घराणं २५ वर्षांखालच्या वेलींची द्राक्षं आपल्या लाल ‘म्युझिन्यी’त घालत नाही. ती खालच्या दर्जाच्या ‘शांबोल-म्युझिन्यी प्रीमिए क्रू’ म्हणून विकतं.

आता चवीबद्दल. जुनी वेल घड कमी धरते आणि मुळं खोल गेलेली असली तर कोरड्या वर्षातही तग धरते. शिवाय १९७० च्या दशकात निवडक क्लोन पसरायच्या आधी बागेतल्याच अनेक वेलींच्या काड्या घेऊन लागवड व्हायची. त्यामुळे जुन्या बागेत पिनो न्वारचे कितीतरी नमुने एकत्र नांदतात. मला तर वयापेक्षा ही सरमिसळच जास्त मोलाची वाटते.

मध्यंतरी एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या दोन जेव्हरी-शांबेर्तँ शेजारी ठेवून चाखल्या. एक साधी, एक जुन्या वेलींची. दुसरी जास्त भरीव होती, चव घशाखाली उतरल्यावरही बराच वेळ रेंगाळत होती. पण तिला नव्या ओकची पिंपंही जास्त मिळाली होती. दोन व्हेरिएबल एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? आणि खरं सांगायचं तर सुगंध साधीचाच छान होता.

वय म्हणजे सर्वस्व नव्हे हे खुद्द रोमानी-काँतीनेच दाखवलंय. फिलॉक्सेरा किडीनंतर बाकी बर्गंडीने अमेरिकन खुंटांवर कलमं केली, पण या बागेने स्वतःच्या मुळांवरच्या वेली १९४५ पर्यंत जपल्या. त्या उपटल्यावर १९४६ ते १९५१ या नावाची वाइनच निघाली नाही. नव्या वेली आल्या, दबदबा तोच राहिला.

मग एवढा आग्रह कशाला? कारण खरा तोटा शेतकऱ्याचा आहे. जुनी बाग राखायची म्हणजे दरवर्षी कमी माल पत्करायचा. त्याचा मोबदला मिळतो तो या शब्दामुळेच, आणि तो शब्द कुणीही फुकट वापरू शकत असेल तर उद्या बाग राखेल कोण?

उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१८ पासून ३५ वर्षांवरच्या बागांच्या वाइनला लागवडीच्या सालासकट प्रमाणित सील मिळतं. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही २०२४ मध्ये ३५ हाच आकडा धरला. बर्गंडीनेही लेबलावर साल छापावं. तोवर विकत घेताना आपणच विचारायचं, ‘वेली कोणत्या साली लावल्या?’ उत्तर मिळालं तर खुशाल जास्त पैसे द्या. नाहीतर साधी बाटली घ्या, तीही चांगलीच असते.