विश्लेषण : महागड्या ‘बफर’ने रायफलचा धक्का खरेच कमी होतो?

अमेरिकेत ‘एआर-१५’ धाटणीच्या रायफलींच्या सुट्या भागांचा बाजार मोठा आहे. त्यातला एक लोकप्रिय भाग म्हणजे दस्त्यातील नळीत, स्प्रिंगच्या पुढे बसणारा ‘बफर’. गोळी सुटली की वायूच्या दाबाने बोल्ट मागे येतो. बफर आणि स्प्रिंग त्याला थोपवून पुन्हा पुढे ढकलतात. कार्बाइनमधला साधा बफर सुमारे ८५ ग्रॅमचा, तर टंगस्टन भरलेला ‘एच-३’ १५० ग्रॅमहून जास्त.

जाहिराती मात्र धक्का जणू गायबच होतो, अशी भाषा करतात. ती फसवी आहे. गोळी आणि वायू जितका संवेग पुढे नेतात, तितका मागे खांद्याकडे येणारच. बफर तो फक्त थोड्या जास्त वेळात पसरवतो. झटका मऊ वाटतो, निशाणी लवकर जागेवर येते, इतके खरे. पण बफर गरजेपेक्षा जड आणि काडतूस कमी ताकदीचे असेल, तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढची गोळी भरलीच जात नाही. मुळात .२२३ काडतुसाचा धक्का सौम्यच! ज्या रायफलीत वायू जास्त येतो, तिथे हा खर्च पटतो. बाकीच्यांनी तेवढ्या पैशांत सरावाची काडतुसे घ्यावीत.