पत्ता : मैत्री, अंटार्क्टिका

'सगळं सोडून कुठेतरी लांब निघून जावंसं वाटतंय यार...' हे वाक्य आमच्या ऑफिसात आठवड्यातून तीनदा तरी ऐकू येतं. अप्रेझलच्या महिन्यात तर रोजच. कुणी स्पितीचं नाव काढतं, कुणी कोकणात जाऊन आंब्याची बाग घेणार असतं. मी मात्र गप्प चहा पितो. कारण मी खरंच गेलो होतो. चांगला साडेतीन महिने. थेट अंटार्क्टिकाला!

ही गोष्ट नोव्हेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ची. भारताची ३८वी मोहीम, मुक्काम 'मैत्री' तळ. तुम्ही लगेच मला शास्त्रज्ञ वगैरे समजू नका. मी हिंजवडीतली नोकरी सोडून नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत एका प्रोजेक्टवर कंत्राटी इंजिनीअर म्हणून चिकटलो होतो. ही संस्था म्हणजे जुन्या कुलाबा वेधशाळेची वारसदार. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं गेलं. हो, तेच ते, आपलं वीकेंडवालं अलिबाग. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला कसं हलतं हे मोजणारी यंत्रं मैत्रीवरही आहेत. उन्हाळ्यात जाऊन त्यांच्या केबल, बॅटऱ्या, सेन्सर बघायचे, बिघडलेलं बदलायचं, हे माझं काम. सेन्सरजवळ जाताना किल्ल्या, मोबाइल, बेल्ट सगळं बाहेर ठेवायचं. पॅन्ट एका हाताने धरून मी विज्ञानाची सेवा केलेली आहे.

जाणं सोपं नसतं बरं का. मोहिमेचं सगळं नियोजन गोव्यात, वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करतं. आधी दिल्लीला एम्समध्ये तपासण्या. दातांपासून डोक्यापर्यंत, आणि डोकं म्हणजे आतलंसुद्धा. मग औलीला इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांच्या हाताखाली ट्रेनिंग. बर्फातल्या भेगेत पडलेल्याला दोराने वर कसं ओढायचं हे शिकताना माझ्या जोडीला नव्वद किलोचा मेकॅनिक होता. असो.

घरी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, पेंग्विन आणशील?" बाबांनी एकच गोष्ट मागितली. तिथल्या पोस्टाचा शिक्का बसलेलं पाकीट. तिकिटांचे अकरा अल्बम आहेत त्यांचे. भारताने अंटार्क्टिकात पहिलं पोस्ट ऑफिस १९८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री'वर उघडलं, ते गोव्याच्या टपाल खात्याखाली यायचं, हे मला वास्कोच्या साहेबांच्या आधी बाबांनी सांगितलं होतं. तो तळ पुढे बर्फाखाली गेला, १९९०मध्ये सोडून द्यावा लागला. पोस्ट मात्र मैत्रीवर हललं.

केपटाउनहून इल्युशिन-७६ मालवाहू विमान. एअर होस्टेस, खिडकीतून फोटो वगैरे विसरा. शेजारी पेट्या बांधलेल्या, कानात बोळे. सहाएक तासांनी विमान बर्फाच्याच धावपट्टीवर उतरलं. दार उघडलं आणि जो पांढरा उजेड अंगावर आला, त्याचं वर्णन मला आजही जमत नाही.

गंमत म्हणजे मैत्री बर्फावर नाहीच! ती शिरमाकर ओअॅसिस नावाच्या खडकाळ पट्ट्यात आहे, समुद्राकडच्या बर्फाच्या कडेपासून साधारण शंभर किलोमीटर आत. शंभराहून जास्त तळी आहेत तिथे. त्यातल्या प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी आपण प्यायचं. डिसेंबरात सूर्य मावळतच नाही. हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला की चटका, माणसाला हात लावला तरी चटका. पहिले चार दिवस आम्ही एकमेकांना लांबूनच नमस्कार करत होतो.

आणि 'लांब' गेल्यावर कळलं, की इतकी माणसं मला हिंजवडीच्या कँटीनमध्येही कधी चिकटली नव्हती. खोलीत घोरणारा, जेवताना मचमच करणारा, तोच विनोद रोज सांगणारा. ऑफिसात कुणाशी वाजलं तर टपरीवर जाता येतं. इथे तळाबाहेर पाऊल टाकायचं तर वहीत नाव लिहायचं आणि वॉकीटॉकी घ्यायचा. स्वयंपाकघराची ड्यूटी सगळ्यांना पाळीने. लीडरही सुटत नाही, पीएचडीवालाही नाही. कचरा वेगवेगळा करून, बांधून, जहाजाने परत न्यायचा, कारण १९९१च्या माद्रिद करारानुसार तिथे काही टाकून येता येत नाही. सुरुवातीला या सगळ्याचा वैताग आला. मग आवडायला लागलं. जानेवारीत तर मी चक्क पुढच्या वर्षी हिवाळ्यासाठी अर्ज करायचा विचार करत होतो.

त्याच तंद्रीत घरी पत्र लिहिलं. पाकिटावर तिकीट, त्यावर शिक्का, बाबांच्या नावाने. टपालाच्या पिशवीत टाकलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझा फोनचा नंबर आला. उपग्रहावरून बोलताना आपलं वाक्य पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सगळेच एकमेकांना तोडतात. बहीण म्हणाली, "बाबांना अॅडमिट केलंय. काल रात्री अँजिओप्लास्टी झाली. आता बरे आहेत." मी म्हणालो, "मी येऊ का?"

पलीकडे शांतता. मला वाटलं लाइनचा उशीर. तो नव्हता.

"कसा येणार आहेस?" ती म्हणाली.

विमान बारा दिवसांनी होतं. पैसे देऊन, ओळख काढून, बॉसच्या पाया पडून, कशानेही ते लवकर येणार नव्हतं. मला इतका राग आला होता, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी स्वयंपाकघराची पाळी होती. लीडर म्हणाले, राहू दे, बदलून देतो. मी नको म्हणालो. तीस-पस्तीस माणसांची भांडी घासायला घेतली. तोच नव्वद किलोचा मेकॅनिक, केरळचा, येऊन शेजारी उभा राहिला आणि काही न विचारता कुकर घासायला लागला. दोन तास. आम्ही एक शब्द बोललो नाही.

बाराव्या दिवशी वादळ आलं. वारा असा की तळाच्या भिंती गुणगुणायच्या. विमान चार दिवस पुढे गेलं.

घरी पोचलो तेव्हा बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. वाळले होते. म्हणाले, "काय, पेंग्विन कुठंय?" बहिणीने माझ्या हातात एक फाइल ठेवली. बिलं तारखेप्रमाणे लावलेली, रिपोर्ट वेगळे, इन्शुरन्सचे कागद वेगळे. ऑपरेशनआधीच्या संमतीपत्रावर तिची सही, पुढे नातं : मुलगी. तेवीस वर्षांची होती तेव्हा. रात्री दीडला एकटीने केलेली सही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त सांगितलं, कुठली गोळी किती वाजता.

मे महिन्यात पोस्टमन आला. जहाज गोव्याला लागलं होतं आणि माझं पत्र माझ्यामागून घरी पोचलं होतं. दार मीच उघडलं. बाबांनी पाकीट उजेडात धरलं, शिक्का भिंगातून बघितला. (गेल्या काही वर्षांतली बातमीही त्यांनीच मला दिली : एप्रिल २०२४ मध्ये 'भारती' तळावरही पोस्टाची शाखा उघडली, पिनकोड एमएच-१७१८. "एमएच! म्हणजे आपलंच," असं दिवसभर चालू होतं.)

मी पाकीट फोडायला गेलो तर ओरडले, "हात लावू नकोस! फोडलं की किंमत जाते." आणि ते तसंच बंद बाराव्या अल्बममध्ये गेलं.

बहीण बघत होती. "आत काय लिहिलंयस?"

"विशेष काही नाही. इथलं हवापाणी. आणि तुला, बाबांच्या तब्येतीकडे लक्ष दे म्हणून."

"दिलं," ती म्हणाली, आणि अल्बम कपाटावर ठेवायला स्टूल घेऊन आली.